ड्रम कोअरमध्ये माइक आला, तेव्हापासूनचं भांडण

प्रश्न: आमची मुलगी इथे ओहायोत शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये मरिंबा (झायलोफोनसारखं लाकडी पट्ट्यांचं वाद्य) वाजवते. तिच्या हट्टापायी ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसला जाऊन डीसीआय या ड्रम कोअरच्या स्पर्धेची अंतिम फेरी पाहिली. आम्ही थक्क झालो. पण शेजारी बसलेले सत्तरीचे एक गृहस्थ सिंथेसायझर गुरगुरला की कान झाकून घ्यायचे आणि "हे ड्रम कोअरच नव्हे" म्हणायचे. मुलगी म्हणते, म्हातारे कायम कुरकुरतात. खरं कोणाचं?

उत्तर: "थोडं त्यांचं, थोडं तिचं" असं सांगून मला मोकळं होता आलं असतं. पण त्या आजोबांची बाजू तुमच्या मुलीला वाटते त्याहून बरीच भक्कम आहे. फक्त ते ती ज्या शब्दांत मांडतात, ते शब्द इतके घासून गुळगुळीत झालेत की कुणाच्या गळी उतरत नाहीत.

आधी माझा संबंध सांगतो. सांगलीला वडिलांचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा होता. खांबाला कर्णे बांधत आणि तापलेल्या ॲम्प्लिफायरवर हात भाजून घेत मी मोठा झालो. अमेरिकेत आलो तरी पोटापाण्याला साउंडचंच काम. एका सहकाऱ्याच्या मुलामुळे ड्रम कोअरशी गाठ पडली, आणि गेले चौदा उन्हाळे मी छोट्या कोअरचं आणि शाळांच्या बँडचं मिक्सिंग करतो. म्हणजे आजोबा ज्याच्यामुळे कान झाकतात, तो माणूस मीच असं समजा.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रम कोअर (लिहितात कॉर्प्स, म्हणतात कोअर) म्हणजे ब्रासची, म्हणजे पितळेची फुंकायची वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे-रायफली फिरवणारं कलर गार्ड यांचा दीडशेच्या आसपास तरुण-तरुणींचा ताफा. फुटबॉलच्या मैदानावर चालत, धावत, आकृत्या बदलत ते दहा-बारा मिनिटांचा कार्यक्रम करतात. वयाची मर्यादा साधारण बावीस. मुळं माजी सैनिकांच्या संघटनांत आहेत: अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू यांच्या बिगुल-ड्रम पथकांत. १९७१ मध्ये कोअरच्या संचालकांनी स्वतःची संघटना काढली, ती ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय. पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली आणि कॅलिफोर्नियाच्या ॲनाहाइम किंग्जमननी ती जिंकली. त्या काळी मैदानावर वीज नव्हती, आणि बिगुल एकाच पट्टीतले, जी स्वरात.

आता तुमच्या मुलीचा मुद्दा. म्हातारे कायम कुरकुरतात हे खरंच आहे, आणि त्याची यादी लांब आहे. १९७७ मध्ये बिगुलाला दोन व्हॉल्व्ह (दाबून स्वर बदलायच्या कळा) आले तेव्हा कुरकूर झाली, १९९० मध्ये तिसरा आला तेव्हा पुन्हा. टिंपनी (मोठे नगारे) आणि झायलोफोन मुलं अंगावर घेऊन चालायची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती वाद्यं मैदानासमोर जमिनीवर ठेवायला परवानगी मिळाली. त्या जागेला पिट म्हणतात आणि तुमची मुलगी बँडमध्ये तिथेच उभी राहते. तेव्हा लोक म्हणाले, चालत नाहीत ते कसले कोअरवाले? १९८३ मध्ये गारफील्ड कॅडेट्सनी जॉर्ज झिंगालीच्या वेड्यावाकड्या, वितळून पुन्हा गोठणाऱ्या आकृत्या आणल्या. त्याआधी मैदानाच्या मधल्या रेषेच्या डावीकडे जे, तेच उजवीकडे, अशी आरशासारखी रचना असायची. कॅडेट्सनी त्या वर्षी आणि पुढची दोन वर्षंही अजिंक्यपद घेतलं. २००० पासून जी बिगुलाचं बंधन गेलं आणि नेहमीच्या बी-फ्लॅटमधली वाद्यं आली. ती शाळांना विकता येतात, त्यामुळे हिशेबवह्यांनी निकाल लावून टाकला. आजही जी बिगुलाच्या धारदार आवाजाच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आणणारी माणसं मला माहीत आहेत.

आणि विजेचा काडीचा संबंध नसतानाही भांडण किती पेटू शकतं, त्याचं उदाहरण म्हणजे १९९३ सालचं स्टार ऑफ इंडियाना. बार्बर आणि बार्टोक यांचं संगीत, कर्कश स्वरमेळ, मधूनच शांतता, आणि वाजवणाऱ्यांनी सैनिकासारखं नाही तर नर्तकासारखं शरीर वापरलेलं. लोकांनी हुर्यो उडवली. ०.१ गुणाने ते कॅडेट्सच्या मागे दुसरे आले, आणि त्यानंतर हे कोअर स्पर्धेतून बाहेरच पडलं. पुढे त्याच मंडळींनी 'ब्लास्ट!' नावाचा रंगमंचीय कार्यक्रम उभा केला; तो आधी लंडनला आणि मग ब्रॉडवेला गेला. आज १९९३ चा तो कार्यक्रम काळाच्या पुढे होता असं सांगणाऱ्यांत त्या रात्री हुर्यो उडवणारेही असणार, माझी खात्री आहे.

इथपर्यंत तुमच्या मुलीची सरशी. प्रत्येक पिढीला आपल्या तारुण्यातलं कोअर खरं वाटतं, आणि नव्या मंडळींनी त्यांना 'डायनोसॉर' म्हणायचं, हा इथला रिवाजच आहे. डायनोसॉर मंडळी तो शब्द टी-शर्टवर छापून मिरवतात, हा भाग वेगळा.

पण ही यादी जरा पुन्हा वाचा. तिसरा व्हॉल्व्ह आला तर बिगुलवाल्याला जास्त स्वर वाजवावे लागले. आकृत्या बदलल्या तर जास्त पळावं लागलं. पिट आला तर चार मॅलेट (पट्ट्या वाजवायच्या काठ्या) धरून अवघड काहीतरी शिकावं लागलं. प्रत्येक बदलाने पोरांचं काम वाढलं, आणि ते वाढलेलं काम प्रेक्षकाच्या कानापर्यंत त्यांच्याच हातांनी, त्यांच्याच फुफ्फुसांनी पोचलं. विजेने पहिल्यांदा असं केलं की काम आणि आवाज यांच्यामध्ये तिसरंच कुणीतरी येऊन बसलं. तो तिसरा मी. माझ्यापुढे सरकती बटणं आहेत. मी एक बटण वर ढकललं की विसाव्या वर्षीच्या मुलाच्या मेहनतीचं वजन बदलतं, आणि ते त्यालाही कळत नाही, तुम्हालाही नाही. मला वाटतं आजोबांना हेच खुपतं. ते म्हणताना मात्र "कोअरच नव्हे" असं म्हणतात.

आता वीज आली कशी ते. ध्वनिवर्धनाचा प्रस्ताव संचालकांच्या बैठकीत अनेकदा फेटाळला गेला होता. अखेर २००३ मध्ये तो मंजूर झाला आणि २००४ च्या हंगामापासून माइक मैदानावर आले, पिटसाठी आणि मानवी आवाजासाठी. पिटच्या बाबतीत मी ठामपणे नव्या बाजूचा आहे. मरिंबा हे दिवाणखान्यातलं वाद्य आहे. मऊ, लोकर गुंडाळलेल्या मॅलेटने वाजवलं तर रोझवूडच्या पट्टीचा खालचा स्वर पिकल्या फळासारखा येतो. तो उघड्या मैदानात पन्नासाव्या रांगेपर्यंत जात नाही, मध्ये साठ-सत्तर ब्रास वाजत असेल तर नाहीच. म्हणून २००४ च्या आधीची पोरं कडक मॅलेट घेऊन कोपरापासून हात आपटायची. पट्ट्या तडकायच्या, मनगटं दुखावायची, आणि शाळा-कॉलेजात शिक्षकाने जे तंत्र शिकवलं त्याच्या बरोबर उलटं तंत्र उन्हाळ्यात वापरावं लागायचं. पट्ट्यांखाली माइक आला आणि हा अन्याय संपला. तुमची मुलगी आज जे वाजवते ते तिला वाजवता येतं, ते यामुळेच.

मानवी आवाजाबद्दल मात्र मी आजोबांच्या रांगेत बसतो. २००५ ते २००८ च्या सुमारास निवेदनाची साथ आली होती. कॅडेट्सच्या २००७ च्या कार्यक्रमात मुलं माइकवर स्वतःबद्दल, आपल्या विश्वासांबद्दल बोलतच राहायची. जुने चाहते अजून त्याचं नाव काढलं की दात-ओठ खातात. माझी तक्रार साधी आहे: पहिल्यांदा ऐकलं तर वाक्य कळतं, दुसऱ्यांदा नको होतं, आणि ज्या चाहत्याने तिकीट काढून एका हंगामात सहा स्पर्धा पाहिल्या, त्याने ते वाक्य सहा वेळा का ऐकावं? सूर सहा वेळा ऐकता येतो. सुदैवाने ही साथ बरीच ओसरली. आता आवाज असतो तो बहुधा गाण्याचा किंवा एखाद-दुसऱ्या शब्दाचा.

मग २००८ च्या जानेवारीत इलेक्ट्रॉनिक वाद्यांना मंजुरी मिळाली आणि २००९ पासून सिंथेसायझर आला. तुमच्या शेजाऱ्यांनी कान झाकले ते याच्या एका विशिष्ट वापरामुळे. ब्रासचा मोठा स्वरमेळ येतो तेव्हा ट्यूबांच्याही (ब्रासमधल्या सगळ्यात खालच्या आवाजाच्या वाद्यांच्या) खाली एक सप्तक, सबवूफरमधून, एक लांबलचक घुमणारा स्वर सोडतात. चाहत्यांनी त्याला नाव ठेवलंय 'थंडरस गू'. इंग्रजीत गू म्हणजे चिकट लगदा. आपल्याला तो शब्द ऐकून जे आठवतं ते सांगायला नको, पण पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, टीका करणाऱ्याला मराठी येतं.

विनोद बाजूला ठेवू. या लगद्याचा त्रास नेमका काय तो जवळून पाहा. ट्यूबा वाजवणारा पोरगा दहा किलोंहून जड वाद्य खांद्यावर घेऊन मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत रोज दहा-बारा तास उन्हात चालतो. रात्री बसमध्ये किंवा शाळेच्या जिमच्या फरशीवर झोपतो, आणि याबद्दल स्वतःच काही हजार डॉलर भरतो. असे पंधरा-वीसजण मिळून तो खालचा सूर धरतात. आणि पिटमागे उभा असलेला एकजण एका बोटाने एक पट्टी दाबतो. त्या बोटाचा आवाज त्या वीसजणांना गिळून टाकतो. वर प्रेक्षक म्हणतात, "वा, काय दणदणीत हॉर्नलाइन आहे!" (हॉर्नलाइन म्हणजे ब्रास वाजवणारे सगळे.) तो दणका ज्याचा नव्हता त्याला टाळ्या, ज्याचा होता तो ऐकूच आला नाही.

त्यात खालच्या स्वरांचा स्वभाव असा, की ते साध्या सबवूफरमधून एका दिशेला जात नाहीत. पुढे जेवढे जातात जवळपास तेवढेच मागे, म्हणजे वाजवणाऱ्यांच्या अंगावर. आणि इंडियानापोलिसचं लुकस ऑइल स्टेडियम छत बंद असताना म्हणजे एक प्रचंड रांजण. स्वर संपला तरी तो भिंतींत फिरत राहतो आणि पुढच्या स्वरावर बसतो. तुम्ही भारावलात त्या रात्री आजोबांचे कान खोटं बोलत नव्हते.

इथे एक गोष्ट सांगतो. या वादाबद्दल मला जे काही कळलं ते मुख्यतः तिच्यातूनच कळलं. काही वर्षांपूर्वी जुलैत विस्कॉन्सिनमधल्या एका शाळेच्या मैदानावर आमची स्पर्धा होती. वीज जनरेटरवर. पेट्रोल किती आहे ते पाहायचं काम माझं, आणि मी पाहिलं नव्हतं. कार्यक्रमाच्या चौथ्या मिनिटाला मिक्सरचा पडदा काळा झाला. स्पीकर, सिंथ, माइक, सगळं एका क्षणात गप्प. मधल्या मरिंबावरच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या मऊ मॅलेट टाकल्या, शेजारच्या झायलोफोनच्या ट्रेमधून कडक मॅलेट उचलल्या आणि खांद्यापासून हाणायला लागली. पंधरा मीटरवर मला तिचे हात दिसत होते, आवाज जेमतेम येत होता. तेवढ्यात मागून हॉर्नलाइन वळली आणि मोठा स्वरमेळ आला. खाली लगदा नाही, नुसता पितळेचा. ट्यूबा वेगळ्या, युफोनियम वेगळे, वर ट्रंपेट, सगळं धुतल्यासारखं स्वच्छ. मधल्या रांगांतली पिकल्या केसांची माणसं उभी राहून ओरडायला लागली.

नंतर मी ट्रकशी केबल गुंडाळत असताना एक गृहस्थ आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, दहा वर्षांत असं ऐकलं नव्हतं, रोज पेट्रोल संपव. ते गेले, आणि त्या मरिंबावाल्या मुलीची आई आली. ती रडवेली झाली होती. म्हणाली, माझी पोर मे महिन्यापासून राबतेय, आज पहिल्यांदा मी सातशे मैल गाडी चालवून आले आणि तिचा एक सूर मला ऐकू आला नाही.

त्या रात्री मला दोघांनाही उत्तर देता आलं नाही. बसमध्ये झोप लागेना तेव्हा लक्षात आलं, की दोघांची तक्रार एकच होती. पोरांनी जे केलं ते माझ्या कानापर्यंत येऊ दे. त्या गृहस्थांना ट्यूबावाली पोरं हवी होती, आईला मरिंबावाली. एकीला माइक नसल्यामुळे मुकावं लागलं, दुसऱ्याला माइक असल्यामुळे.

तेव्हापासून मी प्रत्येक वायरीला हाच प्रश्न विचारतो: हिच्यातून कुणाचं काम पुढे येतंय की कुणाचं झाकलं जातंय? मरिंबाखालचा माइक या परीक्षेत पास. ट्यूबांखालचा सिंथ बहुतेक वेळा नापास.

ब्रासवरचे माइक मात्र मला अवघड वाटतात, आणि खरं भांडण पुढे तिथेच होणार. एकटा सोलो वाजवणारा, समोर येऊन स्टँडवरच्या माइकमध्ये फ्लूगलहॉर्न (ट्रंपेटचा मऊ आवाजाचा भाऊ) हळुवार वाजवतो, ते सुंदरच लागतं. फुंकर मारल्यासारखा आवाज मैदानावर दुसऱ्या कशाने मिळणार? पण आता चार-सहा चांगल्या वादकांना अंगावर बिनतारी माइक लावतात आणि सगळी हॉर्नलाइन वाजत असताना त्यांचा आवाज स्पीकरमधून वर आणतात. म्हणजे ऐंशीजण वाजवतात, पण स्वच्छता सहाजणांची ऐकू येते. मागच्या कोपऱ्यात कुणी स्वर चुकला तर झाकला जातो. ज्या खेळाची सगळी प्रतिष्ठा "इतके जण आणि तरी एकासारखे" यावर उभी आहे, तिथे ही पळवाट आहे असं मी म्हणतो. माझ्याच क्षेत्रातले कित्येक जण म्हणतात, तू सांगलीच्या कर्ण्यातून बाहेर ये. असो.

शिवाय त्यात एक तांत्रिक फजितीही आहे, जी मी स्वतः केली आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, आणि मैदानाची रुंदी सुमारे ४९ मीटर. मागच्या बाजूला, समोरच्या रेषेपासून ४० मीटरवर उभ्या असलेल्या ट्रंपेटचा आवाज हवेतून पुढे यायला ०.१२ सेकंद लागतात. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत एका मात्रेचे चार भाग केले तर एक भाग होतो ०.०८ सेकंदांचा. म्हणजे आवाज एका भागाहून जास्त उशिरा पोचतो. म्हणून तर पिटला "मागे ऐका" असं शिकवतात: ड्रममेजरचे, म्हणजे समोरून ताल देणाऱ्याचे, हात पाहून वाजवू नका, मागून येणाऱ्या स्नेअर ड्रमचा आवाज तुमच्या कानाशी पोचला की त्यावर तुमचा स्वर ठेवा, म्हणजे दोन्ही मिळून पुढे जातील. तुमच्या मुलीला विचारा, हे तिला झोपेतही येत असेल.

आता त्या ट्रंपेटवाल्याला बिनतारी माइक लावला तर? त्याचा आवाज रेडिओलहरींवर बसून क्षणात समोरच्या स्पीकरमधून निघतो, आणि त्याच्या शेजारच्यांचा हवेतून मागाहून चालत येतो. गाडीत बसलेला आधी पोचला, पायी वारीला निघालेले मागे. म्हणून मिक्सरवर त्या माइकला मुद्दाम उशीर द्यावा लागतो, आणि मुलगा मैदानावर पुढे-मागे सरकला की तो उशीर बदलत राहावा लागतो. एका रात्री मी आदल्या भागाचा उशीर तसाच ठेवला. सोलो सुरू झाला आणि पोरगा साथीच्या आधी धावतोय असं सगळ्यांना ऐकू गेलं. परीक्षकांच्या टिप्पणीत लिहून आलं, सोलो वाजवणारा घाई करतो. तो अगदी लयीत होता हो! चूक माझी, शेरा त्याला. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, चालायचं. मला अजून चालत नाही.

मग प्रश्न येतो, हे सगळं कळतं तर आवाज कमी का करत नाहीत? गणपतीत दोन मंडळं चौकात समोरासमोर आली की काय होतं ते तुम्ही पाहिलंय. इथेही तेच, फक्त गुणपत्रिकेवर. शंभरपैकी ४० गुण एकूण परिणामाचे, ३० दृश्याचे, ३० संगीताचे. बहुतेक परीक्षक वरच्या मजल्यावर बसतात. समोरच्या कोअरने सब लावून छाती हादरवली आणि आपण नुसत्या पितळेवर गेलो, तर आपण किरकोळ वाटतो. रचनाकार खाजगीत कबूल करतात की लगदा जास्त झालाय, आणि दुसऱ्या दिवशी सरावात मला सांगतात, "खालचं थोडं वाढव." एकट्याने कमी करण्याची हिंमत ज्याला पहिल्या तिघांची खात्री आहे त्यालाच परवडते, आणि त्याला गरज नसते. माझ्या मते परीक्षकांना सब-बासमागची हॉर्नलाइन ऐकायला वेगळं शिकवलं, तर दोन हंगामांत सगळ्यांचे स्पीकर आपोआप खाली येतील. नियम करून काही होणार नाही.

पैशाचा मुद्दाही लोक काढतात: स्पीकर, मिक्सर, जनरेटर, ते वाहणारा ट्रक, माझ्यासारखा माणूस, यामुळे छोटी कोअर बुडाली म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. १९७० च्या दशकात शेकडो कोअर होती आणि आज काही डझन उरलीत, पण ती गळती माइकच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. देशभर बसने फिरण्याचा खर्च त्याला जास्त जबाबदार आहे.

आता मी नुसता आजोबांचाच वकील वाटायला नको, म्हणून २०१४ सालचे ब्लूकोट्स. तुमच्याच ओहायोतलं, कँटनचं कोअर. त्या वर्षीच्या 'टिल्ट' नावाच्या कार्यक्रमात शेवटाकडे अख्खी हॉर्नलाइन आणि सिंथ मिळून स्वर असा ओढत नेतात, की भलीमोठी मींड घेतल्यासारखं वाटतं. पितळेचं वाद्य संपतं कुठे आणि वीज सुरू होते कुठे ते कळत नाही, आणि कळू नये हीच कल्पना. तिथे सिंथ कुणाला झाकत नव्हता, तो पोरांच्या हातात हात घालून तिरका चालत होता. कार्यक्रम दुसरा आला. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, त्यांनी पहिलं अजिंक्यपद घेतलं. 'टिल्ट' मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत जुन्या कोअरचं जाकीट घातलेल्या एक आजीबाई होत्या. त्या मींडेला त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. कान झाकले नाहीत.

पुढच्या वर्षी जाल तेव्हा तिकीट काढताना एवढं पाहा. खालच्या रांगा स्वस्त असोत की महाग, घेऊ नका, विशेषतः टोकाच्या बाजूंना. तिथे एका बाजूचा स्पीकर थेट तुमच्या तोंडावर असतो आणि हॉर्नलाइन त्याच्या मागे हरवते. मधल्या रेषेच्या आसपास, शक्य तितकं वर बसा. मिक्सिंग त्याच पट्ट्यासाठी केलेलं असतं, कारण परीक्षक तिथे असतात. आणि दुपारीच पोचा. कार्यक्रमाआधी कोअर बाहेर पार्किंगच्या जागेत सराव करतात. त्याला सगळे नुसतं 'लॉट' म्हणतात. हॉर्नलाइन कमानीत उभी असते, तुम्ही तिच्यासमोर चार पावलांवर, मध्ये एक वायर नाही. तुमच्या मुलीला तिथे उभी करा, मग आत जाऊन तेच कोअर स्पीकरमधून ऐकू द्या, आणि काय गेलं, काय आलं ते तिलाच ठरवू द्या.

तुमचे ते शेजारीही बहुधा तिथेच भेटतील. त्या वयाची मंडळी लॉट सोडत नाहीत. त्यांना माइकबद्दल काही विचारू नका. कुठल्या कोअरमध्ये, कुठलं वाद्य, कुठल्या साली, एवढंच विचारा. फक्त जाताना कॉफी घेऊन जा, कारण संध्याकाळपर्यंत ते १९७८ च्या पुढे सरकणार नाहीत.